औषधं गोळा करून नेली तर परत पाठवली, आमचं नक्की चुकलं काय?

कन्नमवारनगर_काकू

नमस्कार मंडळी, प्रश्न विचारायचाय आणि थोडं मनातलंही ओकायचंय त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाने यंदा ठरवलं की हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे लुटण्यापेक्षा काहीतरी उपयोगाचं करू. तेव्हा टीव्हीवर सुदानचं दाखवत होते, तिकडे एप्रिल २०२३ पासून सैन्य आणि त्यांचीच दुसरी एक सशस्त्र फौज एकमेकांच्या उरावर बसलीयत, माणसं घरदार टाकून पळतायत, दवाखाने बंद, वरून कॉलरा. बघवेना. कुणीतरी म्हणालं की आपल्या प्रत्येकीच्या घरात औषधांचा एक डबा असतोच, त्यात अर्ध्याहून जास्त नुसतं पडून असतं, तेच गोळा करू. झालं, दोन रविवार आम्ही चार विंग फिरलो. तीन खोकी भरली हो, त्यातलं एक तर केळ्यांचं मोठं खोकं. सी विंगच्या आजींनी आजोबांच्या हार्टच्या गोळ्या दिल्या, आजोबा दिवाळीत गेले, दोन महिन्यांचा स्टॉक तसाच राहिलेला. बिस्किटाच्या डब्यात नीट लावून ठेवलेल्या. म्हणाल्या कुणाच्या तरी कामाला येऊ देत.

रिक्षा करून आम्ही तिघी एका संस्थेच्या ऑफिसात गेलो (नाव घेत नाही). तिथल्या मुलाने पाचच मिनिटं खोकं चाळलं आणि म्हणाला, सॉरी काकू, आम्ही वापरलेली औषधं घेत नाही. वापरलेली म्हणजे काय? उष्टी आहेत का ती? कित्येक पाकिटं तर फोडलेलीही नाहीत. मुलगा सभ्य होता, पाणीबिणी दिलं, पण येताना रिक्षात कुणी कुणाशी बोललं नाही. सगळ्यांना काय सांगायचं हाच विचार.

तर मला खरंच समजून घ्यायचंय, नाकारलं का? तिकडे औषध नाही म्हणून लोक मरतायत ना? आणि दुसरं, आता ही तीन खोकी सोफ्याच्या मागे आहेत, आमचे हे रोज त्यांना अडखळतात आणि रोज मला ऐकवतात.

प्रिन्सेस_स्ट्रीट_१९

काकू, आधी एक सांगतो, त्या मुलाने बरोबर केलं, पण "वापरलेली" हा शब्द चुकीचा वापरला त्यामुळे तुम्हाला लागलं. तुमच्या मनात काही वाईट नव्हतं हे उघड आहे.

मी प्रिन्सेस स्ट्रीटला औषधांच्या होलसेलमध्ये १९ वर्षं आहे. आता तुम्ही एक काम करा. खोक्यातली कुठलीही पाच पाकिटं काढा आणि त्यावर एक्स्पायरी शोधा. मी पैज लावतो, दोनतरी पाकिटांवर मिळणार नाही. कारण आपला केमिस्ट "चारच गोळ्या द्या" म्हटलं की कात्रीने पट्टी कापतो, आणि तारीख बॅच नंबर छापलेला असतो एकाच टोकाला. ते टोक ज्याच्याकडे गेलं त्याच्याकडे गेलं, उरलेल्या सहा गोळ्या बेवारस. मी स्वतः काउंटरवर असताना हजार वेळा कापलीय, गुपित नाही त्यात काही.

दुसरं, ते औषध घरात कुठे होतं? फ्रिजच्या वर, गॅसच्या बाजूच्या कपाटात, बाथरूमच्या आरशामागे. मुंबईचा जून ते सप्टेंबर काढलाय त्याने. वरून पाकीट छान दिसतं पण आतल्या गोळीचं काय झालं हे सांगणार कोण? मी नाही सांगू शकत, तिकडचा डॉक्टर तर अजिबात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये यासाठी नियमच काढलेत, औषधं दान करायची असतील तर कशी. त्यात स्पष्ट आहे की एकदा पेशंटला दिलेलं औषध परत घेऊन दुसऱ्या देशात पाठवायचं नाही, तिथे पोचताना एक्स्पायरीला किमान एक वर्ष बाकी पाहिजे, लेबल तिथल्या लोकांना वाचता येईल अशा भाषेत पाहिजे आणि औषधाचं मूळ नाव पाहिजे, नुसता ब्रँड नको. आपल्याकडे पॅरासिटामॉलचेच किती ब्रँड आहेत, विक्रोळीच्या माणसाला डोलो म्हटलं की कळतं, सुदानच्या नर्सला काय कळणार?

हे नियम का आले तेही सांगतो. १९८८ ला आर्मेनियात भूकंप झाला, जगभरातून ५,००० टन औषधं आणि सामान आलं. नुसतं काय आलंय हे कळायला ५० माणसं सहा महिने बसली होती. बोस्नियाच्या युद्धात तर १९९२ ते १९९६ मध्ये आलेल्यापैकी १७,००० टन औषधं निरुपयोगी निघाली, आणि औषधं अशीच जाळता येत नाहीत, पुरता येत नाहीत, त्याची विल्हेवाट लावायला परत खर्च. म्हणजे ज्यांच्या घरावर बॉम्ब पडलेत त्यांनीच आपला कचरा काढायचा.

खोक्यांचं काय करायचं ते खाली लिहितो, आत्ता दुकानात गर्दी आहे.

हिशोबी_गडी

काकू सरळ बोलतो, राग मानू नका. या लोकांना वस्तू नको असते, कॅश हवी असते. एसी ऑफिस, गाड्या, परदेश दौरे. सिग्नलला टी-शर्ट घालून फॉर्म भरायला लावणारी पोरं बघितलीत ना. औषध दिलं तर ते औषधच राहतं, पैसा दिला की त्याचं काय होतं कुणाला माहीत.

सिस्टर_परळ

थांबा थांबा. कॅशवाल्या दादांना नंतर उत्तर देते, आधी काकूंशी बोलते.

मी परळच्या एका पालिका हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते, २०१७ च्या शेवटी सुट्टी काढून कॉक्स बाजारला गेले, बांगलादेशात. त्या ऑगस्टपासून म्यानमारमधून सात लाखाच्या वर रोहिंग्या माणसं काही महिन्यांत तिकडे आली होती. डोंगर तोडून बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्या. मी मुंबईची, झोपडपट्टी मला नवीन नाही, पण तिथे गल्लीच नव्हती, चिखलात पायऱ्या खोदलेल्या आणि त्यावरून पेशंट पाठुंगळी.

काकू, मलाही जाताना वाटलं होतं की औषधांची मारामार असेल. तसं नव्हतं हो. औषध किटमध्ये येतं. मोठी पेटाऱ्यासारखी खोकी, आधीच ठरवून भरलेली, की १०,००० माणसांना ३ महिने साधारण काय लागेल. आत यादी, यादीत मूळ नाव, डोस, बॅच, तारीख. रात्री अडीच वाजता टॉर्चच्या उजेडात हात घातला तरी कुठल्या खोक्यात काय आहे ते माहीत असतं. त्यातलं निम्मं तुम्हाला अगदीच साधं वाटेल: ओआरएस, झिंक, अमॉक्सिसिलिन, पॅरासिटामॉल, जंताची गोळी.

आणि आता तुमच्यासारखंच प्रेमाने कुणीतरी पाठवलेलं एक खोकं आमच्याकडेही आलं होतं, कुठून आलं देव जाणे. खोकल्याच्या बाटल्या फुटून सगळ्यावर सिरप, वर मुंग्या, लेबलं अशा लिपीत की आमच्या आख्ख्या टीममध्ये कुणाला वाचता येईना. मी आणि एक तिथलीच मुलगी, आम्ही दोघींनी एक रात्र घालवली त्याच्यावर. शेवटी एका कोपऱ्यात रचून "हात लावू नये" लिहून ठेवलं. त्या रात्री आम्ही दोघी झोपायला हव्या होतो कारण सकाळी घटसर्पाची लाइन लागायची.

हो, घटसर्प. डिफ्थेरिया. पुस्तकातला आजार, आमच्यातल्या अर्ध्या डॉक्टरांनी आयुष्यात पाहिला नव्हता. डिसेंबरमध्ये पोरं यायला लागली, गळा बैलासारखा सुजलेला, घशात राखाडी पडदा. त्याचं अँटिटॉक्सिन, म्हणजे आजाराच्या विषावरचा उतारा, घोड्याच्या रक्तापासून बनतं आणि जगातच ते कमी होतं. ते सलाइनमधून हळूहळू द्यायचं आणि एक नर्स अॅड्रेनलिन भरून शेजारी बसून राहणार, कारण रिअॅक्शन आली तर मिनिटांचा खेळ. म्हणजे एका पोरामागे एक नर्स तासन्‌तास अडकली. तिथे काय कमी होतं सांगू? बसायला माणूस कमी होता. आणि पाणी. माणशी दिवसाला १५ लिटर तरी पाहिजे आणि २० माणसांमागे एक संडास असा हिशोब असतो. आपल्या बाथरूममधली बादली १५ ते २० लिटरची असते बघा, त्यात पिणं, स्वयंपाक, अंघोळ, धुणं सगळं. आमच्याबरोबर एक प्लंबिंगवाला होता, त्याने पोरं वाचवली असं मी म्हटलं तर डॉक्टर लोक चिडतील पण खरं आहे ते.

हार्टच्या गोळ्यांबद्दल. आजींना सांगा की गोळ्यांची गरज नाही म्हणून परत आल्या असं नाहीये. बीपी, शुगर, हार्टवाले म्हातारे छावणीतही असतात आणि गोळी चुकली की तेही मरतात, फक्त बातमीत येत नाहीत. पण ही गोळी एका माणसाला रोज, कायमची लागते. आजोबांच्या दोन महिन्यांच्या गोळ्या तिकडच्या आजोबांना दिल्या, तिसऱ्या महिन्याचं काय? परत तोच ब्रँड, तोच डोस कुठून आणणार? म्हणून या आजारांसाठीसुद्धा आता वेगळं किट निघालंय, त्याच १०,००० माणसं ३ महिने या मापाचं.

आता कॅशवाले दादा. २००४ च्या त्सुनामीनंतर डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेने काही दिवसांतच लोकांना सांगितलं होतं की त्सुनामीसाठी आम्हाला लागतील तेवढे पैसे आले, आता त्या नावाने देऊ नका, आणि आधी दिलेल्यांना विचारलं की उरलेला पैसा दुसरीकडे वापरू का. त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. माझा काही त्यांच्याशी संबंध नाही, मी वेगळ्या संस्थेबरोबर गेले होते. पण "सगळेच" म्हणण्याआधी हे एक लक्षात ठेवा. आणि एसी म्हणाल तर आमच्याकडे एसी एकाच खोलीला होता, लसींच्या फ्रिजच्या खोलीला. लस २ ते ८ डिग्रीत राहायला लागते. आम्ही कधीकधी उगाच तापमान लिहायला म्हणून आत जायचो 😄

हिशोबी_गडी

सिस्टर, त्सुनामीचं माहीत नव्हतं. बरं. पण मी सिग्नलवाल्यांबद्दल म्हटलेलं मागे घेत नाही.

कोविडवाला_मुलुंड

सगळे एका सुरात बोलतायत म्हणून मुद्दाम उलटं लिहितो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्याच मुंबईत एका डॉक्टर जोडप्याने बऱ्या झालेल्या पेशंटकडून उरलेली कोविडची औषधं गोळा करायला सुरुवात केली होती, सोसायट्या सोसायट्यांत पेट्या ठेवल्या होत्या, ते गावाकडच्या आरोग्य केंद्रांना गेलं. आमच्या बिल्डिंगनेही दिलं होतं. पेपरात आलं, सगळ्यांनी कौतुक केलं. तेव्हा चाललं आणि आता काकूंचं चालत नाही? हे सगळे नियम म्हणजे परदेशी लोकांचे चोचले वाटतात कधीकधी. उपाशी माणसाला कुणी एक्स्पायरी विचारतं का?

प्रिन्सेस_स्ट्रीट_१९

मुलुंडकर, चांगला मुद्दा, मीही तेव्हा खोकी बांधायला गेलो होतो म्हणून सांगतो. तिथे एकच आजार होता, औषधं मोजकी, सगळ्यांच्या चिठ्ठीत जवळपास तीच. दोन-तीन आठवड्यांपूर्वी विकत घेतलेली. निवडायला डॉक्टर बसलेले. आणि घेणारा डॉक्टर इथलाच, ब्रँड ओळखणारा, शंका आली तर फोन करणारा. वरून बाजारात माल नव्हता, मी स्वतः लोकांना हात जोडून परत पाठवत होतो. यातली एक गोष्ट काढली तरी ते कोसळलं असतं. काकूंच्या खोक्यात किती वर्षांचा माल आहे ते त्या बघतीलच.

आणि उपाशी माणसाचं म्हणाल तर भाकरी शिळी असली तरी भाकरीच राहते. गोळीचं तसं नाही. नासलेलं इन्सुलिन आणि चांगलं इन्सुलिन डोळ्याला एकच दिसतं.

चोचल्यांवरून आठवलं. लोकांना वाटतं औषध बाहेरून मदत म्हणून गरिबांकडे येतं. उलट आहे राव, ते आपल्याकडून जातं. २००१ मध्ये एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च बड्या कंपन्यांच्या भावाने १०,००० डॉलरच्या वर होता, तेव्हा आपल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीने डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सला ३५० डॉलरमध्ये देऊ केलं. दिवसाला एक डॉलरहून कमी. तिथून आख्खा भाव खाली आला, आफ्रिकेत लाखो माणसं त्या गोळ्यांवर जगली. तेव्हा आमच्या गल्लीत चहावर चार दिवस हाच विषय होता. म्हणजे काकू, औषध मुंबईहून जाणारच, पण कारखान्यातून, सीलबंद, एकसारखं.

लातूरकर_आता_ठाणे

जास्त लिहित नाही. १९९३ चा किल्लारीचा भूकंप, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. मी अकरावीत होतो, गाव आमचं जवळच. ट्रकच्या ट्रक कपडे आले. उंच टाचांच्या सँडल आल्या, एका पिशवीत लग्नाचा सूट होता. आईला हवं होतं पातेलं. एवढंच.

गोवंडी_लोकल

वरचं सगळं वाचलं, एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. काकू तुमच्या खोक्यात अँटिबायोटिक किती आहेत? उरलेले अँटिबायोटिक म्हणजे कुणीतरी कोर्स अर्धा सोडला. बरं वाटलं, दोन गोळ्या राहिल्या. मग त्या दुसऱ्याला. तोही अर्धाच घेणार.

माझ्या भावाला २०१४ ला टीबी झाला, साधा नाही, औषधाला न जुमानणारा. आधी एका खाजगी डॉक्टरने काहीबाही दिलं, तीन महिन्यात बरं वाटलं, याने बंद केलं, आम्हीही काही बोललो नाही, पैसे वाचत होते. परत आला तो वाघ होऊन. मग दोन वर्षं ट्रीटमेंट, त्यातले कित्येक महिने रोज इंजेक्शन, कुल्ल्यावर बसायला जागा नाही राहिली. उजव्या कानाने त्याला आता ऐकू येत नाही, ते इंजेक्शनचंच. आम्ही डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या गोवंडीच्या क्लिनिकला जायचो, लोकांना वाटतं ते फक्त युद्धात असतात, इथे मुंबईत २००६ पासून एचआयव्ही आणि टीबीचं काम केलंय त्यांनी. तिथे एक काउन्सेलर मॅडम होती, भाऊ गोळ्या फेकून द्यायचा तेव्हा ती ओरडायची नाही, नुसती समोर बसून चहा प्यायची त्याच्याबरोबर तो गोळी गिळेपर्यंत. तेरा-चौदा गोळ्या असायच्या एका वेळी.

आता नवीन गोळ्या आल्यात, बेडाक्विलिन वगैरे, इंजेक्शन गेलं, बऱ्याच पेशंटचं सहा महिन्यांत होतं म्हणतात. त्या बेडाक्विलिनचं पेटंट, म्हणजे एकट्यानेच बनवून विकायचा हक्क, कंपनीला आणखी काही वर्षं लांबवायचं होतं, मार्च २०२३ मध्ये आपल्या मुंबईच्या पेटंट ऑफिसने तो अर्ज फेटाळला. हरकत घेणाऱ्या दोघी टीबीतून उठलेल्या बायका, एक मुंबईची, एक दक्षिण आफ्रिकेची, दोघींचेही कान औषधाने गेलेले. भावाला मी हे वाचून दाखवलं, डाव्या कानात. म्हणाला दहा वर्षं उशीर झाला साल्यांना.

सुदान लांब आहे काकू. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे गोवर आला होता, पोरं गेली. विक्रोळीवरून गोवंडी किती लांब? तुमच्या मंडळातल्या दोन बायका जरी लसीकरणाच्या दिवशी आमच्या गल्लीत आल्या ना आशाताईबरोबर, घरोघर फिरायला. तिचं एकटीचं कुणी ऐकत नाही. चार बायका दारात आल्या की सासू पण बाहेर येते.

सिस्टर_परळ

गोवंडी दादा, भावाला नमस्कार सांगा. आणि हो, छावणीत आम्ही पोचलो की पहिल्या कामांतलं एक तेच असायचं, गोवरची लस. गर्दीत गोवर शिरला तर बाकी सगळं केलेलं वाया.

प्रिन्सेस_स्ट्रीट_१९

काकू, खोक्यांचं. टॉयलेटमध्ये ओतू नका, तुमची विक्रोळी खाडीला लागून आहे, फ्लेमिंगोंना अँटिबायोटिक कशाला. नेहमीच्या ओल्या-सुक्यातही नको, भंगारवाल्याकडून पाकिटं परत बाजारात येतात, मी पाहिलीयत. एक्स्पायर झालेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरतात, वेगळी द्यायची. पालिकेने सॅनिटरी आणि स्पेशल केअर कचरा (एक्स्पायर औषधं त्यातच) वेगळा उचलायची सोय केलीये, सोसायटीचं नाव नोंदवावं लागतं, सेक्रेटरीला कामाला लावा. देण्याआधी पाकिटांवर कात्रीने आडवा छेद मारा म्हणजे कुणी विकणार नाही. पूर्ण पट्टी, न कापलेली, तारीख लांबची आणि बिल सापडत असेल तर आधी तुमच्या केमिस्टला विचारा, काही जण परत घेतात. इन्सुलिनच्या सुया असतील तर प्लास्टिकच्या जाड बाटलीत, झाकण टेप लावून.

कन्नमवारनगर_काकू

सगळ्यांचे आभार, दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण खरंच खोकी उपसत होतो. पाच जणी बसलो माझ्या हॉलमध्ये जमिनीवर पेपर पसरून. प्रिन्सेस स्ट्रीटवाले दादा, तुमची पैज तुम्ही जिंकलात, पाचात दोन नाही, तीन निघाली तारीख नसलेली. एका बाटलीवर २०१६ होतं. ती माझ्याच घरातून गेलेली, मी कुणाला बोलले नाही. अँटिबायोटिकचा वेगळा ढीग केला गोवंडीच्या दादांचं वाचून, तो सगळ्यात मोठा झाला. आमच्या ह्यांनी सोफा जागेवर सरकवला आणि चक्क चहा केला सगळ्यांना.

सेक्रेटरींनी नाव नोंदवलंय, गाडी कधी येते बघू. हळदीकुंकवाचे जमलेले पैसे आहेत त्याचं काय करायचं यावर मंडळात भांडण चालू आहे, निम्म्या म्हणतायत पैसे पाठवू, निम्म्या म्हणतायत आधी गोवंडी. दादा, लसीकरणाचा वार कुठला असतो ते कळवा, मी आणि बी विंगची एक, दोघी नक्की.

राहिल्या आजी. मला फार धाकधूक होती. काल संध्याकाळी गेले, सिस्टरनी लिहिलेलं तिसऱ्या महिन्याचं तसंच्या तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाल्या बरोबर आहे त्यांचं, यांचीसुद्धा मध्ये एकदा कंपनी बदलली तर आठवडाभर चक्कर येत होती. मग म्हणाल्या, गोळ्यांचं राहू दे गं, माझा डबा कुठाय?

डबा केळ्यांच्या खोक्यात सगळ्यात खाली होता, त्यावर कुणाचं तरी खोकल्याचं सिरप सांडलेलं. गरम पाण्यात भिजत घातलाय.